पल्याडचा हात

द्राक्षाचा घड आपण बाजारातून आणतो, नळाखाली धरतो आणि एकेक मणी तोंडात टाकत बसतो. प्रत्येक मणी टपोरा असतो आणि शेजारच्याला जेमतेम टेकलेला असतो. हे आपोआप होतं अशी आपली समजूत असते. वेलीच्या मर्जीवर सोडलं, तर घडात दुपटीनं मणी धरतात, एकमेकांना चेंगरतात, आतले कुजतात आणि बाहेरचे वाटाण्याएवढे राहतात. म्हणून मणी ज्वारीच्या दाण्याएवढे असतानाच कुणालातरी घडापुढे उभं राहून त्यातले निम्मे काढून टाकावे लागतात. कोणते काढायचे आणि कोणते ठेवायचे, हे दर घडाला वेगळं. या कामाला विरळणी म्हणतात, आणि ही गोष्ट घडली तोपर्यंत ते बायकांच्या बोटांवाचून होत नव्हतं.

मथुरा भोयेची बोटं त्यात नावाजलेली होती. ती पेठ तालुक्यातल्या आंबेपाड्याची. भात-नागलीची कापणी आटोपली की पाड्यावरच्या बायका टोळी करून पिकअपमध्ये बसायच्या आणि डोंगर उतरून दिंडोरीकडच्या बागांत यायच्या. याला त्या नुसतं 'खाली जाणं' म्हणायच्या. पाड्यावर कुणाच्या घरावर पत्रे चढले, कुणाच्या पोरीचं लग्न झालं, कुणाचा म्हातारा दवाखान्यातून चालत परत आला, तर ते या खाली जाण्यामुळे. मथुराची मुलगी नाशकात नर्सिंगला होती, तीही त्यामुळेच.

मथुराला पहिल्यांदा खाली घेऊन गेली ती सीतू गावित. मथुरा तेव्हा नवी नवरी होती आणि सीतू तिच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. तिनं मथुराच्या हातात कातर दिली, घड कसा तोलून धरायचा ते दाखवलं, आणि पहिल्या दिवशी मथुरानं अख्खा घड छाटून खाली पाडला तेव्हा तो मुकादमाच्या आधी पायानं मातीत लोटून दिला. तेव्हापासून त्या दोघींची जोडी. विरळणीत एका ओळीला दोन बायका लागतात, वेलीच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला एक, मध्ये तारा आणि पानं. एकमेकींचं तोंड धड दिसत नाही, पण दिवसभर बोलणं चालू राहतं. सीतूचा नवरा गेलेला, मुलगी लांब गुजरातेत दिलेली. घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून वर्षभराचं सगळं ती विरळणीत बोलून घ्यायची.

मग सीतूच्या बोटांना संधिवातानं धरलं. सांधे सुजले, बोटं वाकडी व्हायला लागली, कातर मिटली की उघडेना. त्या हिवाळ्यापासून मथुरा आपल्या बाजूचे घड उरकून तारांमधून हात पलीकडे घालायची आणि सीतूच्या बाजूचे घड करायची. सीतूचा हात घडावर असेल तर बोटांच्या मागच्या अंगानं तो हलकेच बाजूला सारायची. सीतूही बोलणं न थांबवता हात काढून घ्यायची.

टोळीत याला नाव होतं, पल्याडचा हात. कुणाला दिवस गेलेले असत, कुणाच्या अंगात ताप असे, तिच्या जोडीदारणीनं पल्याडचा हात घालायचा. टोळी बाग उक्ती, ठरलेल्या एका रकमेला, घ्यायची आणि आलेलं सगळ्यांत सारखं वाटायची, त्यामुळे कुणाचे घड कुणी केले हे विचारायचं कारणच नव्हतं. आणि ज्या बाईला हात लागतो तिच्यासमोर त्याचा उच्चार करायचा नाही, हा टोळीचा दंडक होता. सीतूच्या बोटांबद्दल सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्या गप्प होत्या. मथुराला एकच धास्ती असायची, की एखाद्या हिवाळ्यात सीतूला कुणी म्हणेल, तू आता खाली येऊ नकोस. आंबेपाड्याच्या त्या एकट्या घरात सीतू काय करणार होती?

अशातच एका हिवाळ्यात पुण्याच्या एका कंपनीकडून शर्वरी लिमये बागेत आली, बरोबर हातमोज्यांची पेटी घेऊन.

तोवर जगातल्या बुद्धिमान यंत्रांनी पुस्तकं वाचून संपवली होती. पत्रं लिहिणं, हिशेब तपासणं, छातीच्या फोटोवरून आजार ओळखणं त्यांना सहज जमत होतं, कारण या सगळ्याबद्दल माणसानं भरपूर लिहून ठेवलं होतं. बोटांबद्दल मात्र कुणी काही लिहिलेलं नव्हतं. देठ वाकेल की तुटेल हे बोटाला कसं कळतं, घड आतून किती गच्च आहे हे चिमटीला कसं जाणवतं, हे वाक्यात मांडताच येत नाही. म्हणून कंपन्यांनी वाक्यांऐवजी हालचाली गोळा करायला घेतल्या, आणि हालचाली स्वस्तात मिळतात त्या आपल्याकडे. शर्वरीचे हातमोजे कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ होते आणि त्यांत दाब मोजणारे हजारो ठिपके विणलेले होते. सोबत कपाळावर बांधायचा एक छोटा कॅमेरा. यंत्राला विरळणीचे नियम कुणी शिकवणार नव्हतं. त्याला एकच प्रश्न विचारायचा, की हात इथवर असा आला, बोटांना हे लागलं, डोळ्यांना हे दिसलं, तर पुढच्या क्षणी हात कुठे जाईल? उत्तर चुकलं की यंत्राच्या आतले आकडे किंचित इकडचे तिकडे करायचे आणि पुन्हा विचारायचं. असं कोट्यवधी वेळा झालं की एक दिवस यंत्राचा अंदाज आणि खरा हात यांत फरक उरत नाही. मग त्याला लोखंडाचे हात जोडायचे.

शर्वरीनं हे टोळीपासून लपवलं नाही. दुपारच्या भाकरीला सगळ्या बसल्या असताना तिनं समजावून सांगितलं. तिनं एक वचनही दिलं, आणि ते देताना ती खोटं बोलत नव्हती. यंत्राला कॅमेऱ्यासमोरची बाजू करता येईल, असं तिचं म्हणणं होतं. वेलीच्या पलीकडे तारा, कोंब आणि पानं. तिथलं कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि न बघता आत हात घालून कोंब न मोडता घड धरणं कुठल्याच यंत्राला जमलेलं नाही. विरळणीचे दिवस असतात थोडे. फेरी मारून दुसरी बाजू करायला यंत्राला वेळ पुरायचा नाही, मणी तोवर मोठे होतील. तेव्हा ओळीची एक बाजू यंत्र करील आणि दुसरी बाजू बायका करतील. "तुमची पलीकडची बाजू कुठं जात नाही," असं ती म्हणाली.

बायकांनी ऐकून घेतलं आणि आपल्या अनुभवानं त्याचा अर्थ लावला. आजवर बागेत जो कुणी काम बघायला आला, तो कोण कुचराई करतं तेच बघायला आला होता. त्यामुळे कॅमेराही त्याचसाठी, हे त्यांनी धरून टाकलं. कॅमेऱ्यात जिचे हात थंड दिसतील तिला पुढल्या साली काढणार. रावजी मुकादमानं, नीट हात चालवा, वरून बघू राहिले, असं सांगून त्यावर शिक्कामोर्तब केलं.

हातमोजे चलाख हातांच्या बायकांनाच मिळणार होते, त्यामुळे सीतूच्या हाती ते येण्याचा प्रश्न नव्हता. पण मथुराच्या कपाळावर कॅमेरा होता, आणि मथुराच्या समोर सीतू होती. पानांच्या फटीतून सीतूची ती वाकडी बोटं यंत्राला दिसली की संपलं. मथुरानं यावर आपल्या परीनं उपाय काढला. पल्याडचा हात घालताना ती मान वळवायची. तोंड आणि कपाळावरचा कॅमेरा दुसरीकडे, ओळीच्या टोकाला, आणि हात तारांमधून आत. डोळे नाहीत, म्हणून सगळं बोटांवर. कोंब चाचपायचा, त्याच्या खालून मनगट न्यायचं, सीतूचा हात लागला तर मागच्या अंगानं सारायचा, घड तळातून उचलायचा आणि मणी बोटांनीच मोजून काढायचे. पहिले काही दिवस चुका झाल्या, मग हात बसला. आणि यंत्राला संशय येऊ नये म्हणून तिनं सीतूच्या बाजूचे घड पूर्वीपेक्षा जास्त करायला घेतले, जवळजवळ सगळेच. संध्याकाळी सीतूची ओळ मथुराच्या ओळीइतकीच नेटकी दिसायची. आपण यंत्राला बरं फसवलं, या समाधानात ती रात्री गाढ झोपायची.

दोन हंगाम हे चाललं. यंत्र माणसं बघत नाही, ते फक्त हात बघतं, हे तिला सांगायचं कुणाला सुचलं नाही. तिनंही कुणाला विचारलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात टोळी खाली आली तेव्हा बागेत बुटक्या चाकांची एक गाडी उभी होती. तिला दोन लांब हात होते, बोटांवर काळसर मऊ कातडी. बागेचे मालक दौलतभाऊ, आजूबाजूचे दहा-वीस बागायतदार आणि बाजूला उभी टोळी, अशी सगळी मंडळी जमली. शर्वरी खुशीत होती. गाडी ओळीत शिरली, एका हातानं समोरचे घड करू लागली, आणि दुसरा हात तारांमधून आत गेला. कोंब चाचपून, मनगट खालून नेऊन, पलीकडचा घड तळातून उचलून त्यानं विरळणी सुरू केली. एकही कोंब मोडला नाही. बागायतदारांनी टाळ्या वाजवल्या.

एका फेरीत दोन्ही बाजू. म्हणजे वेळही पुरत होता आणि पलीकडे कुणी लागत नव्हतं. टोळीतल्या बायकांनी हे आपसांत न बोलताच समजून घेतलं.

शर्वरीनं मथुराला हाताला धरून पुढे आणलं. सगळं श्रेय या ताईंचं आहे, असं ती सगळ्यांना सांगू लागली. जगभर जे जमत नव्हतं ते यांच्या हातांनी आम्हाला दिलं. न बघता पलीकडे काम करण्याच्या इतक्या हालचाली एकाच व्यक्तीकडून मिळतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. दोन हंगाम या एकटीनं दोन बायकांचं काम केलंय, पलीकडच्या बाजूला जवळपास प्रत्येक घड यांचाच आहे. हे तिनं कौतुकानं सांगितलं. कौतुकच होतं ते.

मथुरानं सीतूकडे बघितलं नाही. बाकीच्या बायकाही जमिनीकडे बघत होत्या.

शर्वरीला अजून एक विचारायचं होतं. तिनं गाडी थांबवून तोच हात सावकाश चालवून दाखवला. पलीकडे गेल्यावर घड धरण्याआधी यंत्राची बोटं किंचित वळत होती आणि मागच्या अंगानं हवेत काहीतरी बाजूला सारत होती. तिथं काही नव्हतं. प्रत्येक घडाला हे होत होतं, आणि त्यात वेळ जात होता.

"मथुराताई, हे काय आहे?" तिनं विचारलं. "आम्हाला कळतच नाही. इथं काय असतं?"

मागून सीतू पुढे आली. पदराखालून तिनं आपला उजवा हात काढला आणि यंत्राच्या बोटांपुढे, घडाशेजारी धरला. यंत्राच्या बोटांनी तो हलकेच, अगदी मथुराच्याच हातानं सारावा तसा, बाजूला सारला आणि घड उचलला.

"माझा हात असतो," सीतू म्हणाली. "काढून टाका ते. आता नसणार."

आणि ती बागेबाहेर निघून गेली. दुपारच्या एसटीनं ती पेठला गेल्याचं मथुराला मागाहून कळलं.

मथुरा संध्याकाळपर्यंत शर्वरीच्या मागे लागली होती. तिची मागणी साधी होती. यंत्राला हा हात विसरायला लावा. बाकी सगळं ठेवा, माझं अलीकडच्या बाजूचं सगळं ठेवा, पण पलीकडचं पुसा. शर्वरीनं तिला समोर बसवलं आणि खरं ते सांगितलं. यंत्रात पलीकडचा हात असा एका जागी ठेवलेला नसतो की उचलून बाहेर काढावा. आमटीत मीठ विरघळतं तसा तो सगळ्या आकड्यांत विरघळलेला आहे. नवी आमटी करता येते, तुमचे दोन हंगाम वगळून सगळं पहिल्यापासून शिकवता येतं, पण ते करायला कुणी तयार होणार नाही. शिवाय ते आता इथं राहिलेलंच नाही. तासगावला गाड्या गेल्या आहेत, विजापूरकडे गेल्या आहेत, समुद्रापलीकडे इजिप्तच्या, चिलीच्या बागांत गेल्या आहेत. तिथंही वेलीच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या असतात.

"त्यांचीबी पलीकडची बाजू गेली म्हणा की," मथुरा म्हणाली.

शर्वरी रडायला लागली. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मथुरानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, कारण ती खरंच बोलत होती आणि वयानं तिच्या मुलीएवढीच होती. पण आपल्याला कोण जवळ घेणार, हेही त्याच वेळी तिच्या मनात आलं.

टोळी मोडली. त्या हिवाळ्यात आंबेपाड्याहून पिकअप पुन्हा निघाला नाही. काही जणी वीटभट्टीवर गेल्या, दोघी-तिघी वापीला, बाकीच्या घरीच बसल्या. अर्धवट चढवलेले पत्रे तसेच राहिले, ठरलेली दोन लग्नं पुढे गेली. द्राक्षं काही त्यामुळे स्वस्त झाली नाहीत.

मथुराला मात्र काम मिळालं. कंपनीला यंत्रांमागून चालत त्यांच्या चुका दाखवणारी बाई हवी होती. ती नाही म्हणणार होती. पण मुलीचं शेवटचं वर्ष होतं, आणि तिच्या नाही म्हणण्यानं एकही गाडी थांबणार नव्हती. सीतूलाही बरोबर घ्या, असं तिनं सांगून पाहिलं. नुसती बसून राहील, माझ्याशी बोलेल. शर्वरीनं वर विचारलं आणि तशी जागा नसल्याचं कळवलं. मथुरा एकटी तासगावला गेली. हंगामभर ती यंत्रांमागून ओळी चालली. हवेत हात सारण्याची ती खोड कंपनीनं तोवर काढून टाकली होती. पलीकडून कुणी बोलत नव्हतं. कधी कधी तीच काहीतरी बोलायला लागायची आणि भानावर येऊन थांबायची.

पावसाळा लागला तशी ती पाड्यावर परत आली. नागलीच्या आवणीचे, रोपं लावायचे, दिवस होते. पाड्यावर आवणी कुणी एकट्यानं करत नाही. ज्याचं रान तयार होईल त्याच्या रानात सगळे उतरतात, मग पुढच्याच्या. पण सीतूनं या साली कुणाला बोलावलं नव्हतं. उतारावरच्या आपल्या तुकड्यात ती एकटीच वाकून रोपं लावत होती. मथुरा येऊन गेली होती तिच्या दारात दोनदा, दोन्ही वेळा दार लावलेलं होतं. आता ती रोपांची जुडी घेऊन बांधावर येऊन उभी राहिली.

"सीतूबाय, मी त्या टोकाकडनं लावत येते."

"नको."

"माझं आवरलंय. रिकामीच हाय."

सीतू सरळ झाली. चिखलाचे हात तिनं कमरेवर ठेवले. तिच्या तोंडावर राग नव्हता. तो असता तर मथुराला बरं वाटलं असतं.

"मथे, मला वाटायचं मी थोडी मागं पडू राहिले, तू थोडं सावरू राहिली. चालायचंच. तीन घडांतला एक तरी माझा असंल, असं धरून मी वाटणी घ्यायची. त्या पोरीनं सगळ्यांदेखत सांगितलं तवा कळलं, माझं काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी नुसती तिथं उभी व्हते."

"बोलायची की तू. तू बोलायची म्हणून माझे हात चालायचे."

"अन् तू तोंड फिरवायची." सीतू म्हणाली. "हात माझ्याकडं अन् तोंड पार तिकडं. मला वाटायचं, माझी बोटं बघवत नसतील हिला. मी विचारलं नाय. म्हटलं, विचारून काय करायचं."

मथुरानं सांगितलं. कॅमेऱ्याला तू दिसू नये म्हणून मी मान वळवायची. तुला काढतील म्हणून. ती घाईघाईनं, अडखळत सगळं सांगत गेली, आणि सांगता सांगताच तिला कळत गेलं की त्या मान वळवण्यानंच तर यंत्राला आंधळेपणी काम करायला शिकवलं. सीतूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे माझ्यापायीच गेलं म्हण सगळ्यांचं," ती म्हणाली.

"तुझ्यापायी नाय. मी केलं ते."

"माझ्यापायी केलं." सीतू पुन्हा वाकली. "तू जा आता. माझ्या रानात माझी रोपं वाकडी लागू दे. पण माझी लागू दे. हात घालू नको, मथे."

मथुरा गेली नाही. बांधावरच उभी राहिली. सीतूनं जुडीतून एक रोप सोडवलं, ते बोटांतून निसटून चिखलात पडलं. तिनं ते शोधून पुन्हा उचललं आणि ते पुन्हा निसटलं. मथुराचा उजवा हात आपोआप पुढे झाला. तिनं तो डाव्या हातानं धरला आणि सीतूची ओळ संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.